जुन्या यंत्राशेजारचा माणूस

इंग्लंडातील एखाद्या लहान शहराच्या कडेला, दारे, खिडक्या आणि जिने करून देणाऱ्या सुतारी कारखान्यात आज कोणी पाहुणा डोकावला, तर त्याला एक विसंगती जाणवल्यावाचून राहणार नाही. मालकाच्या मेजावर संगणक असतो, जमाखर्च त्यावर चालतो आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीचे रेखाटनही त्यावरच होते. परंतु ती खिडकी जेथे प्रत्यक्ष घडते त्या दालनाच्या मध्यभागी, मालकाच्या आजोबांच्या वयाचे, करड्या रंगाचे, टनभर वजनाचे एखादे बिडाचे यंत्र ठाण मांडून बसलेले असते, आणि त्याच्या अंगावरील पट्टीवर लेस्टर, रॉशडेल किंवा हॅलिफॅक्स यांपैकी एखाद्या गावाचे नाव वाचावयास मिळते. १८३८ मध्ये रॉशडेल येथे निघालेली टॉमस रॉबिन्सन आणि पुत्र ही पेढी, किंवा १८९७ मध्ये लेस्टर येथे स्थापन झालेली आणि नाव ऐकताच आपल्याला उगीचच एखाद्या कोकणी आडनावाची आठवण करून देणारी वाडकिन कंपनी, यांची यंत्रे आपल्या जन्मदात्यांच्या वैभवकाळानंतरही चालत राहिली आहेत. अटलांटिकच्या पलीकडे सिनसिनाटीची फे आणि ईगन, तसेच फर्निचरचे शहर म्हणून गाजलेल्या ग्रँड रॅपिड्स येथील ऑलिव्हर व टॅनविट्झ या कंपन्यांच्या यंत्रांविषयीही हेच म्हणता येईल.

या दीर्घायुष्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. मोठ्या उद्योगांनी आणि शाळांनी ही यंत्रे काढून टाकली तेव्हा ती पुष्कळदा भंगाराच्या भावाने गेली, आणि ज्याच्याजवळ जागा, उचल-ठेवीची सोय व चिकाटी होती त्याच्या पदरात नव्या यंत्राच्या अल्पांश किमतीत ती पडली. दुसरे कारण जुन्या घरांशी निगडित आहे. १९४७ च्या नगररचना कायद्याने इंग्लंडात ऐतिहासिक व वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करण्याची तरतूद झाली. अशा यादीत दाखल झालेल्या घराची खिडकी कुजली, तर बाजारातील तयार खिडकी आणून बसविण्याची मुभा घरमालकास सहसा मिळत नाही. काच धरणाऱ्या लाकडी पट्टीचा जो नाजूक घाट शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराने काढला असेल, तोच पुन्हा काढावा लागतो, आणि तो पाच-पन्नास फुटांपुरताच काढावयाचा असतो. लक्षावधी फूट एकसारखी पट्टी काढण्यासाठी बांधलेल्या अद्ययावत यंत्राला एवढ्या किरकोळ कामासाठी जुळविण्यात जितका वेळ जातो, तितक्या वेळात जुन्या यंत्रावरील मिस्त्री घाटाचे पाते स्वतःच्या हाताने घासून, बसवून, काम उरकून मोकळा होतो.

यात एक अट मात्र गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे मिस्त्री जाणता असला पाहिजे. जुने यंत्र घेणारा मनुष्य बीड आणि पोलाद विकत घेतो. त्या बिडाशेजारी तीस वर्षे उभे राहून ज्याने ते चालविले त्याचे ज्ञान विक्रीच्या दस्तऐवजात नमूद नसते. यंत्र ज्या काळी बांधले गेले त्या काळी त्याच्या निर्मात्याने असा एक माणूस शेजारी असणारच असे धरून आपली सर्व योजना केली होती. तेल केव्हा घालावयाचे, पट्टा केव्हा आवळावयाचा, हात कोठपर्यंत न्यावयाचा, यांतले काहीही यंत्र स्वतः सांगत नाही आणि चुकणाऱ्यास अडवीतही नाही. म्हणून जुने यंत्र चालविणे म्हणजे त्या गेलेल्या माणसाला आपल्या अंगी पुन्हा आणणे होय. त्याच्या काही सवयी जशाच्या तशा उचलाव्या लागतात, आणि काही निक्षून टाकाव्या लागतात.

लाकूडकामाची यंत्रे दीर्घायुषी असतात याचा सर्वांत जुना दाखला पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत मिळतो. शिडाच्या जहाजावरील दोर ज्यांतून ओढले जात त्या लाकडी कप्प्या ब्रिटिश आरमाराला दरसाल सुमारे १ लाख लागत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८१३ मध्ये पाण्यात उतरलेली ‘कॉर्नवॉलिस’ ही ७४ तोफांची युद्धनौका होती. त्या वर्गाच्या एकेका नौकेस हजाराच्या घरात कप्प्या लागत असत, यावरून या गरजेची कल्पना येईल. सॅम्युएल बेंथॅम याच्या प्रोत्साहनाने मार्क ब्रुनेल याने या कप्प्या घडविणाऱ्या यंत्रांची मालिका योजिली आणि हेन्री मॉड्स्ले याने १८०२ नंतरच्या काही वर्षांत ती प्रत्यक्ष बांधली. एकूण यंत्रे ४५ होती. त्यांच्या बळावर १० साध्या मजुरांनी ११० कसबी कारागिरांचे काम करावे अशी स्थिती आली आणि १८०८ मध्ये वर्षाचे उत्पादन १ लाख ३० हजारांवर गेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या आकड्यांचा पुष्कळ गौरव होतो. मला त्याहून कौतुक वाटते ते या गोष्टीचे, की लाकडी चौकटीच्या जागी मॉड्स्लेने सर्वांगी धातूची बांधणी स्वीकारल्यामुळे त्यांपैकी काही यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ, आपल्या मूळ कामावर रुजू राहिली.

बिडात असे काय आहे? ओतीव लोखंडाच्या या प्रकारात कार्बनाचा मोठा भाग ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो, आणि हे पापुद्रे धातूतून जाणाऱ्या कंपनांना जागोजागी शोषून घेतात. पोलादी पत्रा वाकवून व जोडून केलेली चौकट तेवढ्याच ताकदीची असूनही घंटेसारखी निनादते. बिडाची चौकट मात्र ठोकली असता मुकी राहते. फिरत्या पात्याच्या प्रत्येक आघाताने यंत्र जर थरथरले, तर त्या थरथरीची नोंद लाकडाच्या पृष्ठभागावर लाटांच्या रूपाने उमटते, म्हणून हा मुकेपणा सुताराच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा असतो. चांगल्या कारखान्यांत ओतकाम झाल्यावर बिडाचे भाग महिनोन्‌महिने उघड्यावर, ऊन-पाऊस खात पडू देत. ओतताना आत कोंडलेले ताण या काळात सैल होत, आणि मगच त्यांच्या पृष्ठांना अखेरची सपाटी देत. ज्या सुताराने ओल्या लाकडाचे दार करून ते वाकलेले पाहिले आहे त्याला या धीराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बिडाचा दुर्गुणही याच रचनेतून येतो: ते वाकत नाही, तडकते. ट्रकमधून उतरविताना टेबलाच्या कोपऱ्यावर भार आला आणि कोपरा निखळला, तर साध्या वेल्डिंगने तो सांधू पाहणाऱ्यास शेजारीच दुसरा तडा पाहावा लागतो. भाग आधी सावकाश तापवून, जोडून, नंतर राखेत वा वाळूत हळूहळू निवू द्यावा लागतो, किंवा पितळी झाळकामाचा आश्रय घ्यावा लागतो.

आता गतीकडे वळू. शतकापूर्वीच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. छताखालून एक लांब लोखंडी दंड सतत फिरत असे आणि त्यावरील चाकांवरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका यंत्राकडे उतरत. आपल्याकडील पिठाच्या गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत फटफट करीत धावणारा पट्टा ज्यांनी लहानपणी धान्याचा डबा सांभाळीत पाहिला आहे, त्यांना या व्यवस्थेचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास सायास पडणार नाहीत. त्या वयात मला एक कोडे पडे: पट्टा चाकावरून घसरून का पडत नाही? कडेला अडविणारा काठ तर चाकाला नसतो. याचे उत्तर असे की चाकाचा माथा सपाट नसून मध्ये किंचित फुगीर असतो, आणि पट्टा नेहमी अधिक व्यासाकडे, म्हणजे चढाकडे, सरकतो. फुगवट्याच्या उतारावर आलेल्या पट्ट्याची चढाकडील कड अधिक ताणली जाते, त्यामुळे पट्टा किंचित तिरका होऊन पुढच्या फेऱ्यात थोडा वर टेकतो, आणि असे होत होत मध्यावर येऊन स्थिरावतो. घसरेल या भीतीने जो त्याला कडा बसवू जाईल तो पट्ट्याचे नुकसानच करील.

यंत्र थांबविण्याची युक्तीही अशीच साधी होती. दोन चाके शेजारी शेजारी असत. एक दंडाला घट्ट बसविलेले, दुसरे त्यावर मोकळे फिरणारे. लाकडी दांड्याने पट्टा मोकळ्या चाकावर ढकलला की वरचा दंड फिरत राही आणि यंत्र थांबे. या व्यवस्थेत एक गुण होता, जो पुढे दातेरी आणि साखळीच्या जोडण्यांत नाहीसा झाला: करवत अडकली तर पट्टा घसरे, किंचाळे आणि फार तर निसटून पडे, पण यंत्राचा कणा मोडत नसे. दोष मात्र अनेक होते, आणि त्यांतला मोठा हा की डोक्यावरून धावणाऱ्या शंभर पट्ट्यांपैकी एकाने सदऱ्याची बाही पकडली तर माणसाला सोडविण्यासाठी सगळा कारखाना थांबवावा लागे. स्वतंत्र विजेच्या मोटरी आल्या तेव्हा कारागिरांनी या दृष्टीनेही सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. आजही काही हौशी मंडळी छताखालचा दंड जपून ठेवतात व उत्सवाच्या दिवशी त्यावर यंत्रे चालवून दाखवितात. पण पोट ज्याचे कामावर आहे तो मोटरच बसवितो, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर आहे.

दंड जेथे टेकून फिरतो ती जागा, म्हणजे बेअरिंग, हीच जुन्या यंत्राची खरी नाडी. गोटीची बेअरिंगे विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास होऊ लागली. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे स्वेन विंगक्विस्ट याने स्वतःला जुळवून घेणारे गोटी-बेअरिंग सिद्ध केले ते १९०७ साली. त्यापूर्वीच्या, आणि त्यानंतरच्याही कित्येक यंत्रांत दंड फिरतो तो कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या एका मऊ मिश्रधातूत, ज्याला अमेरिकन कारागीर आयझॅक बॅबिट याच्या १८३९ च्या पेटंटवरून बॅबिट म्हणतात. पोलादी दंडाला मऊ धातूत फिरविण्यात हेतू असा, की तेल संपले किंवा धूळ शिरली तर झिजावे ते स्वस्त बॅबिटने, महागड्या दंडाने नव्हे. बारीक कचरा त्या मऊ धातूत रुतून बसतो आणि दंडावर ओरखडा उठत नाही.

हे बेअरिंग बाजारात तयार मिळत नाही, ते जागेवरच ओतावे लागते, आणि ते ओतणे हा जुन्या यंत्रांच्या संसारातील एक सोहळाच असतो. जुना धातू वितळवून काढावयाचा. दंड नेमक्या ठिकाणी, पाण्याच्या पातळीने तपासून, टेकूंवर ठेवावयाचा. त्याला मेणबत्तीच्या ज्योतीने काजळी धरावयाची, म्हणजे ओतलेला रस त्याला चिकटत नाही. दोन्ही टोकांच्या फटी लांबीने लिंपून टाकावयाच्या. मग दंड आणि बैठक दोन्ही कोमट तापवावयाची, कारण थंड लोखंडाला लागताच रस अर्ध्यावर गोठतो, आणि लोखंडावर दवाचा एक थेंबही राहिला असेल तर त्याची वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. रस पुरेसा तापला की नाही हे पाहण्यासाठी जुने मिस्त्री पाइनची काडी त्यात बुडवीत: काडी करपून काळी पडली पण पेटली नाही, तर वेळ योग्य, भडकन पेटली तर धातू फार तापला. नंतर पळीने, हात न थांबवता, एका धारेत ओतावयाचे. ओतून झाल्यावरही काम संपत नाही. दंडाला निळा रंग चोपडून तो बैठकीत फिरवावयाचा, निळे डाग जेथे उमटतील तेथे खरवडावयाचे, पुन्हा फिरवावयाचे, पुन्हा खरवडावयाचे, आणि दंडाच्या व्यासाच्या दर इंचास सुमारे एक सहस्रांश इंच एवढी फट तेलासाठी राहिली की थांबावयाचे. सुतार ज्या सुतात मोजतो, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यात, त्याच्या सव्वाशेव्या भागाएवढी ही फट. एवढ्या परिश्रमाने सिद्ध झालेले बेअरिंग, रोज सकाळी तेलाच्या दोन थेंबांची आठवण ठेवणाऱ्या माणसाच्या हाती, पिढ्यान्‌पिढ्या चालते. आणि विसराळू माणसाच्या हाती एका दुपारीत वितळून वाहते.

गोटी-बेअरिंगांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. जुने यंत्र आणल्याच्या उत्साहात नवा मालक ग्रीसची नळी लावून ती बाहेर ओघळेपर्यंत दाबतो, आणि मग यंत्र तापते कशाने म्हणून बुचकळ्यात पडतो. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगात ग्रीस गच्च भरले, तर गोट्यांना त्या चिखलातून वाट काढावी लागते आणि ते घुसळण्यातच उष्णता निर्माण होते. बेअरिंगावर तळहात ठेवून तो सुखाने ठेवता येतो का, ही जुनी परीक्षा आजही पुरेशी आहे.

येथे पान्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या क्षुल्लक बाबीने अनेकांची उमेद खचविली आहे. इंग्लिश जुन्या यंत्रांचे आटे जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सुचविलेल्या मापाचे, ५५ अंशांच्या कोनाचे असतात. त्यांत आजचा मिलिमीटरी बोल्ट बसल्यासारखा वाटतो, एक-दोन फेरे जातो आणि मग दोघांचेही आटे खाऊन टाकतो. वेगळे पाने आणि वेगळी डबी यांची तजवीज आधीच करावी.

आता धारेकडे येऊ. गोल करवतीची चकती ही नुसती दाते पाडलेली पोलादी थाळी नव्हे. साडेचारशे मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला २१०० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५० मीटर धावते; या वेगाने कड ताणली जाते, त्यात घर्षणाने तापून प्रसरण पावते, आणि मध्यभाग तसाच राहिला तर चकती कापडासारखी डुलू लागते. म्हणून जुन्या पद्धतीची चकती घडविणारा कारागीर, ज्याला इंग्लंडात करवतीचा डॉक्टरच म्हणतात, ऐरणीवर हातोड्याने तिचा मध्यभाग मोजून-मापून किंचित सैल करून ठेवतो, की वेग घेतल्यावर कड वाढेल आणि तेव्हाच ती थाळी ताठ होईल. स्थिर असताना ढिली आणि धावताना ताठ, अशी ही चकती ठोकणारे हात आता फार थोडे उरले आहेत. टंगस्टन कार्बाइडच्या दातांच्या चकत्यांनी त्यांचे बरेचसे काम संपुष्टात आणले. त्याबद्दल हळहळण्यापेक्षा जुन्या यंत्रावर नवी चकती बसविणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मात्र तिच्यावर लिहिलेली वेगाची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाशी ताडून घेतल्यावरच.

रंधायंत्राचे गणित याहून सोपे आहे, पण त्याची पाती बसविणे कौशल्याचे. कटर-ब्लॉक, म्हणजे पाती धरणारा फिरता ठोकळा, मिनिटास ४५०० फेरे घेत असेल आणि त्यात दोन पाती असतील, तर मिनिटाला ९००० काप पडतात. लाकूड मिनिटास ९ मीटर सरकले तर एकेका कापाची लांबी बरोबर १ मिलिमीटर येते, आणि बोटाला तो पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. परंतु एक पाते दुसऱ्यापेक्षा केसभर वर असेल तर तेच एकटे काम करते, दुसरे नुसते फेऱ्या मारते, आणि काप दुप्पट लांब होऊन लाटा डोळ्यांना दिसू लागतात. पाती समान बसविण्याची जुनी रीत अशी: मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी अर्धी बाहेर काढून ठेवावयाची आणि ठोकळा हाताने फिरवावयाचा, पाते पट्टीला स्पर्शून तिला तीनेक मिलिमीटर पुढे ओढते. प्रत्येक पात्याने, त्याच्या दोन्ही टोकांनी, पट्टी तेवढीच ओढली पाहिजे. महागडी मापनयंत्रे असूनही जाणते मिस्त्री अखेरची खात्री या पट्टीनेच करतात. अर्थात त्याआधी वीजपुरवठ्याचा मुख्य खटका बंद केलेला असतो.

ज्या सवयी निक्षून टाकाव्यात असे वर म्हटले, त्यांतली पहिली चौकोनी ठोकळ्याची. जुन्यातल्या जुन्या रंधायंत्रांत पाती बोल्टने आवळलेला हा ठोकळा चौकोनी असे. चौकोन फिरू लागला की त्याचे कोपरे एक वर्तुळ आखतात, पण त्या वर्तुळाच्या आत सपाट बाजूंमुळे मोठ्या पोकळ्या राहतात. लाकूड निसटून बोटे खाली गेली तर ती या पोकळीत खोल ओढली जातात आणि पुढचे पाते येते. गोल ठोकळ्यात पात्यापुढे फक्त अरुंद खाच असते. इजा तेथेही होते, पण ती बहुधा बोटाच्या टोकावर निभावते. हा फरक इतका निर्णायक ठरला की इंग्लंडात १९२२ च्या लाकूडकाम-यंत्र नियमांनी हाताने लाकूड सरकविण्याच्या रंधायंत्रावर गोल ठोकळा सक्तीचा केला, आणि आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखाली झालेल्या महाराष्ट्राच्या नियमांतही हीच अट आढळते. जुन्या वस्तू मूळ स्वरूपात जतन करण्याचे ज्यांना वेड आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरी चौकोनी ठोकळा भिंतीवर टांगण्यापलीकडे मूळ स्वरूपाचा आग्रह धरणाऱ्यास मी सुतार म्हणणार नाही.

गोल करवतीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तिच्या पुढच्या बाजूचे दाते खाली येतात व लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दाते मात्र वर उठत असतात. चिरलेल्या फळीत कोंडलेले ताण मोकळे झाले आणि तिचे दोन्ही भाग करवतीवर मिटले, की ते वर उठणारे दाते फळीला उचलून चालकाच्या दिशेने भिरकावतात. आणि कडेचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, आहे हे आपण पाहिलेच. यावर उपाय म्हणजे करवतीच्या मागे, तिच्याच वळणाची, दात्यांच्या अगदी निकट बसविलेली एक पोलादी पट्टी, जी चीर मिटू देत नाही. अमेरिकेतील जुन्या यंत्रांत ही पट्टी बहुधा नसते. इंग्लंडातील यंत्रांत ती असते, पण कामाच्या घाईत कोणीतरी काढून ठेवलेली आणि मग हरवलेली असते. यंत्र विकत घेताना रंग, गंज, पितळी पट्टी यांच्या आधी ही पट्टी जागेवर आहे का हे पाहावे, आणि नसल्यास ती करून घेईपर्यंत करवत सुरू करू नये. फळीचा अखेरचा वीतभर भाग हाताने न ढकलता लाकडी दांडीने ढकलावा, ही सवय मात्र जुन्या मिस्त्रींकडून जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. त्यांच्यातल्या दहाही बोटे शाबूत असणाऱ्यांच्या हाताशी ही दांडी नेहमी असे.

विजेविषयी थोडक्यात. ही यंत्रे तीन फेजवर चालणारी असतात आणि लहान कारखान्याच्या वाट्याला पुष्कळदा एकच फेज येते. मग फिरता परिवर्तक किंवा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह यांचा आधार घ्यावा लागतो. ड्राइव्हमुळे जड यंत्र हळुवार सुरू होते हे खरे, पण ऐंशी वर्षांच्या मोटरीतील कापड-वार्निशाचे वेष्टण ड्राइव्हमधून येणाऱ्या विजेच्या तीव्र ठोक्यांना सोसतेच असे नाही, म्हणून मोटर आधी तपासून, प्रसंगी पुन्हा गुंडाळून घ्यावी. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० आणि इंग्लंडात व आपल्याकडे ५०. तेव्हा तेथे ३६०० फेऱ्यांच्या हिशेबाने योजलेली दोन ध्रुवांची मोटर आपल्याकडे ३००० वर येते आणि पात्याचा वेग एक षष्ठांशाने घटतो. जुन्या खटक्यांच्या पेट्यांत अॅस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. घासकाम सुरू करण्यापूर्वी याचा विचार करावा.

धुळीचा प्रश्न जुन्या निर्मात्यांच्या ध्यानीमनी नव्हता, किंवा असलाच तर जागा भरून जाते एवढ्यापुरता. यंत्राच्या पोटात भुसा पडे आणि संध्याकाळी पोरगा तो फावड्याने ओढी. बकिंगहॅमशायरमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तेथील आणि आसपासच्या डॉक्टरांच्या, विशेषतः कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या, लक्षात आले की नाकाच्या आतील एक एरवी अत्यंत विरळ असा कर्करोग फर्निचर-कामगारांत वाजवीपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांसह केलेल्या पाहणीतून त्याचा संबंध लाकडाच्या बारीक धुळीशी जोडला गेला, आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या वर्गात टाकले. जाड भुशापेक्षा डोळ्यांना न दिसणारी पूड अधिक घातक. जुन्या यंत्राला पत्र्याचे तोंड आणि शोषक नळी जोडण्यासाठी बिडात भोके पाडावी लागली तर ती निःशंक पाडावीत. मूळ स्वरूप बिघडल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरते.

अखेरीस थांबण्याविषयी, कारण जुन्या यंत्राचे थांबणे हे त्याच्या चालण्याइतकेच समजून घ्यावे लागते. ३६ इंची चाकांचा बँडसॉ, म्हणजे दोन बिडाच्या चाकांवरून अखंड फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, मिनिटाला ६०० फेऱ्यांनी धावत असेल तर तो पट्टा सेकंदाला जवळजवळ २९ मीटर वेगाने जातो, आणि खटका बंद केल्यावर चाकांत साठलेला जोर त्याला मिनिटांवर मिनिटे फिरवीत ठेवतो. चालू असताना यंत्राचा आवाजच माणसाला दूर ठेवतो. बंद केल्यावर मोटर मुकी होते, पट्ट्याचे दाते एकमेकांत मिसळून एक स्तब्ध चकाकती फीत असल्याचा भास होतो, आणि नवखा माणूस त्या क्षणी टेबलावरचा तुकडा उचलावयास हात घालतो. इंग्लंडात १९९८ पासूनच्या नियमांच्या अंमलात, धोका असेल तेथे यंत्राने सुमारे १० सेकंदांत थांबावे अशी अपेक्षा केली जाते, म्हणून जुन्या मोटरींना विजेचे ब्रेक जोडतात. परंतु ब्रेक एकाएकी दाबला, तर खालचे चाक थांबते, वरचे जड चाक थांबू इच्छीत नाही आणि पट्टा दोघांमधून निसटतो. गोल करवतीवर असेच केले तर चकती धरणारा नट आपोआप उलटा फिरून ढिला होतो. ब्रेक असा जुळवावा लागतो की पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो जेमतेम जाणवावा आणि मग आवळत जावा. आणि ज्या कारखान्यात ब्रेक अजून बसलेला नाही, तेथे मिस्त्री खटका बंद करून दोन पावले मागे सरकतो, हात पाठीशी बांधतो, आणि वरच्या चाकाचे आरे एकेक करून मोजता येऊ लागेपर्यंत झाडूला हात लावीत नाही.